मग बॉम्ब ठेवले कोणी?

माटुंगा_स्लो
११ जुलै २००६ ला माझे मामा ऑफिसातून घरी निघाले होते, पश्चिम रेल्वेच्या लोकलमध्ये, फर्स्टक्लासच्या डब्यात. माहीमजवळ स्फोट झाला. मामा वाचले, पण उजवा कान कायमचा गेला. २१ जुलै २०२५ ला हायकोर्टाने बाराही आरोपींना निर्दोष ठरवलं, तेव्हा आम्ही एकत्र टीव्ही बघत होतो. त्यांनी आवाज वाढवायला लावला, बातमी दोनदा ऐकली आणि विचारलं, "मग ठेवले कोणी?"

११ मिनिटांत ७ स्फोट, १८९ माणसं गेली. आणि १९ वर्षांनी या प्रश्नाला उत्तर नाही.

धर्माच्या नावाने माणसं मारणाऱ्यांना दयामाया नको, हे आधीच सांगते. पण सरकार कुठलंही असो, दर हल्ल्यानंतर कायदाच तेवढा कडक होतो. २००८ च्या डिसेंबरात एनआयए ही केंद्रीय तपास संस्था आली, यूएपीए या दहशतवादविरोधी कायद्यात आरोपपत्राशिवाय १८० दिवस कोठडीची सोय झाली, २०१९ पासून एकट्या माणसालाही दहशतवादी जाहीर करता येतं. तपासाचं काय? या खटल्यात बॉम्ब कोणत्या प्रकारचा होता हेच सिद्ध झालं नाही. टॅक्सीवाल्यांचे जबाब शंभरावर दिवसांनी घेतलेले. ओळखपरेड घेणाऱ्याला तसा अधिकारच नव्हता. कबुलीजबाब मारहाण करून घेतल्याचं कोर्ट म्हणालं. ज्यांना २०१५ मध्ये फाशी सुनावली, त्यातले एक तुरुंगात असतानाच वारले.

निवृत्त_खाकी
ताई, मामांबद्दल वाईट वाटलं. पण अर्धीच बाजू मांडलीत. २४ जुलैला सुप्रीम कोर्टाने या निकालाला स्थगिती दिली.

तीस वर्षं खात्यात होतो. स्फोटाच्या जागी पंच मिळवून दाखवा. माणूस पाणी देईल, जखमीला खांद्यावर घेईल, पण पंचनाम्यावर सही म्हटलं की निघून जातो. साक्षीदार वर्षानुवर्षं तारखांना येतो, नोकरी बुडते, धमक्या येतात, शेवटी फितूर होतो. कटवाले चिठ्ठी लिहून ठेवत नाहीत. म्हणून मोक्कात, म्हणजे संघटित गुन्हेगारीविरोधी कायद्यात, वरिष्ठ अधिकाऱ्यासमोरचा कबुलीजबाब ग्राह्य धरलाय. टाडा हा दहशतवादविरोधी कायदा गेला, २००४ मध्ये तसाच पोटाही गेला, आणि २००८ मध्ये मुंबईने काय भोगलं ते तुम्हाला ठाऊक आहे.

कायद्याची_विद्यार्थिनी
काका, स्थगिती आहे ती हा निकाल इतर मोक्का खटल्यांत दाखला म्हणून वापरू नये एवढ्यापुरती. सुटलेल्यांना परत आत टाकलेलं नाही.

आणि २६/११ चा खटला तुमच्या विरोधातच जातो. कसाबला फाशी झाली ती सीसीटीव्ही, छायाचित्रं आणि सीएसटीवर गोळी लागलेल्या लहान मुलीसकट प्रत्यक्षदर्शींच्या साक्षींवर. त्याच खटल्यात दोन भारतीय आरोपी पुराव्याअभावी सुटले. पुरावा भक्कम होता तिथे शिक्षा टिकली.

मोसम_काठ
मी मालेगावचा. आमच्याकडे ८ सप्टेंबर २००६ ला, शब-ए-बरातच्या दिवशी, कब्रस्तानाशी स्फोट झाले. मरणारे मुसलमान, पकडलेले नऊ जणही मुसलमान. ते २०१६ मध्ये आरोपमुक्त झाले. २९ सप्टेंबर २००८ ला भिक्खू चौकात ६ जण गेले, तेव्हा हिंदू आरोपी पकडले, तेही सातही जण ३१ जुलै २०२५ ला सुटले. एका निकालाला पेढे आणि दुसऱ्याला शिव्या, असं ज्यांचं चाललंय त्यांनी भिक्खू चौकात येऊन जावं. ज्यांची पोरं गेली ती घरं तिथेच आहेत.

निवृत्त_खाकी
मालेगावबद्दल मान खाली घालतो. २००८ च्या स्फोटाच्या खटल्यात ३२३ साक्षीदार तपासले, तीसच्या वर फिरले. मी म्हणतो ते हेच.

कल्याण_पूर्व
सगळं स्फोटानंतरचं बोलताय. २०१४ मध्ये आमच्या कल्याणातून चार पोरं आयसिसमध्ये जायला इराकला गेली, शिकलेली, बऱ्या घरची. त्यानंतर एटीएसने, म्हणजे पोलिसांच्या दहशतवादविरोधी पथकाने, मौलवी आणि घरच्यांना बरोबर घेऊन बहकू लागलेल्या मुलांना परत वळवायचं काम केलं. मला ते काम यूएपीएच्या दहा कलमांपेक्षा मोलाचं वाटतं.

माटुंगा_स्लो
@निवृत्त_खाकी, साक्षीदार घाबरतो हे मान्य. पण मग साक्षीदाराला संरक्षण द्या आणि खटला दोन वर्षांत संपवा. कोठडीत मारून कबुली घेतली तर साक्षीदाराची भीती कशी जाणार? आणि २००८ मध्ये याच शहराच्या क्राईम ब्रँचने इंडियन मुजाहिदीन या दहशतवादी संघटनेची माणसं पकडली, त्यातल्या एकाने लोकलचे स्फोट आपणच केल्याचं सांगितलं आणि पुढे ते फिरवलं. लोकलच्या स्फोटांचा तपास करणारी एटीएस एक गोष्ट सांगते, क्राईम ब्रँच दुसरी. मामांनी कोणती खरी मानायची?

निवृत्त_खाकी
त्याला माझ्याकडे उत्तर नाही. १ जुलै २०२४ पासून नव्या फौजदारी कायद्याने झडतीचं आणि जप्तीचं चित्रीकरण सक्तीचं झालंय, मोठ्या गुन्ह्यात फॉरेन्सिकवाल्यांनी जागेवर यायलाच हवं. हे आमच्या वेळी असतं तर मुद्देमालावरून निम्मे वाद झाले नसते. पण मोक्कातलं कबुलीचं कलम काढू नये, यावर मी ठाम आहे.