कंबरदुखी असताना मुंबईत मोटारसायकल: सोडून द्यायची की सांभाळून चालवायची?

भांडुपकर:
कंबर दुखते एवढं म्हटलं की ऑफिसात, सोसायटीत, नातेवाइकांत एकच सल्ला मिळतो, गाडी विकून टाक. माझं मत बरोबर उलट आहे आणि ते इथे नीट मांडतो. विरोध जरूर करा, पण कारण देऊन करा.

माझी एल४-एल५ची, म्हणजे कमरेच्या चौथ्या आणि पाचव्या मणक्यामधली, गादी फुगलेली आहे, दुखणं काही वर्षांचं. रोज भांडुपहून अंधेरीच्या सीप्झला जातो, म्हणजे एलबीएस रोडवरून गांधीनगर जंक्शन आणि पुढे जेव्हीएलआर, म्हणजे जोगेश्वरी-विक्रोळी लिंक रोड. मेट्रो ६च्या कामाचे पत्रे, त्यांच्या कडेला उखडलेलं डांबर, मध्येच खचलेले पेव्हर ब्लॉक. कुठे कुठला दणका बसणार हे मला आधीच ठाऊक असतं.

आधी एमआरआयबद्दल. रिपोर्टवर 'डिस्क बल्ज' वाचलं की पेशंट घाबरतो आणि घरचे त्याच्याहून जास्त. पण ज्यांची पाठ अजिबात दुखत नाही अशा लोकांच्या तपासण्यांचा एक मोठा आढावा २०१५ साली प्रसिद्ध झाला होता. त्यात विशीतल्या सुमारे ३० टक्के आणि ऐंशीतल्या ८४ टक्के लोकांच्या गाद्या फुगलेल्या निघाल्या. म्हणजे नुसती फिल्म बघून कुणाला आयुष्यभरासाठी गाडीवरून उतरवणं चूक आहे. रोज काय होतंय, चालताना, वाकताना, बसताना काय होतंय, ते बघायला हवं.

दुसरं म्हणजे, दणक्याचं पुष्कळ काही आपल्या हातात असतं. खड्डा दिसला की फूटपेगवर वजन टाकून सीटवरून बोटभर उठायचं, मग हादरा गुडघे घेतात. बूड सीटला चिकटलेलं असेल तर तो सरळ मणक्यात जातो. पंपावर हवा भरणारा मुलगा सवयीने जास्त भरतो, तिथे उभं राहून आकडा सांगायचा. लॅपटॉपची सॅक पाठीवर न घेता मागच्या सीटवर बांधायची. हे काहीही न करता नुसतं 'गाडी सोड' म्हणणं मला पटत नाही.

आणि पर्याय काय देता? सकाळची लोकल. तिथे कमरेत वळून, एका हाताने कडी धरून, दुसऱ्याची बॅग बरगड्यांत घेऊन उभं राहायचं. माझी कंबर गाडीपेक्षा त्या वळलेल्या अवस्थेत जास्त धरते.

डबलसीट:
मी गाडी चालवत नाही, मागे बसते. आमच्या घरातही हेच दुखणं आहे, म्हणून लिहिते.

तुम्ही हवा, सॅक, फूटपेग सगळं सांगितलंत. संध्याकाळी घरी काय होतं ते नाही सांगितलंत. माझे मिस्टर घरी आले की चपला काढायला वाकत नाहीत, भिंतीला धरून पायानेच ढकलतात. जेवायला पाटावर बसणं केव्हाच बंद झालं. रात्री कुशीवर वळताना तोंडातून आवाज निघतो आणि विचारलं की 'काही नाही'. मुलीला उचलून घेणं माझ्याकडे आलं, गॅसचा सिलेंडर सरकवणं माझ्याकडे आलं. गाडीवरचा तो पाऊण तास त्यांचा असतो, त्याची भरपाई सगळं घर करतं.

आणि लोकलचं म्हणाल तर सीप्झला जायला आता घाटकोपरला मेट्रो १ आणि मरोळ नाक्याला बदलून मेट्रो ३ आहे. मेट्रो ३चा आरे ते बीकेसी टप्पा ऑक्टोबर २०२४मध्येच सुरू झाला. भांडुप ते घाटकोपर एवढीच गर्दी सोसायची, पुढे गार डब्यात. गाडीला पर्याय नाही हे म्हणणं तुमच्या बाबतीत तरी खरं नाही.

फिजिओताई:
मी फिजिओथेरपिस्ट आहे. दोघांच्याही म्हणण्यात थोडी भर घालते.

बसलेल्या माणसाच्या कण्याला साधारण सेकंदाला ४ ते ८ वेळा होणारं कंपन सगळ्यात जास्त झोंबतं, कारण त्या वेगाला धड स्वतःच हलायला लागतं. खराब रस्त्यावर वाहनातून येणारी कंपनं बरीचशी याच टप्प्यात असतात. त्यामुळे गाडीचा कमरेशी काही संबंध नाही असं मी कधीच म्हणणार नाही. पण दुखणं म्हणजे दर वेळी इजा असंही नाही. जुन्या कंबरदुखीत नसा इतक्या संवेदनशील झालेल्या असतात की साध्या हालचालीनेही दुखतं. अशा पेशंटला सगळं बंद करायला लावलं की स्नायू आणखी ढिले पडतात आणि भीती वाढते.

पट्ट्याबद्दल कुणी विचारायच्या आत सांगते. जागतिक आरोग्य संघटनेने डिसेंबर २०२३मध्ये जुन्या कंबरदुखीसाठी मार्गदर्शक सूचना काढल्या. कमरेचे पट्टे आणि वजन लावून ताणणं यांची शिफारस त्यात नाही. व्यायाम आणि पेशंटला नीट माहिती देणं यांची आहे. माझ्याकडे येणारे निम्मे गाडीवाले पट्टा बांधून येतात आणि व्यायाम मात्र करत नाहीत.

एक गोष्ट कुणी बोलत नाही. रात्रभर आडवं झोपल्यावर मणक्यांमधली गादी पाणी शोषून फुगलेली असते, त्यामुळे उठल्यावर पहिल्या तासाभरात वाकण्याचा ताण तिच्यावर जास्त पडतो. आणि नेमकं तेव्हाच आपण सोसायटीच्या पार्किंगमध्ये इतरांच्या चार गाड्या वाकून, ओढून बाजूला करतो. कित्येकांची कंबर रस्त्यावर नाही, तिथेच धरते. वॉचमनची मदत घ्या किंवा रात्रीच गाडी बाहेरच्या बाजूला लावा.

मात्र बैठकीच्या जागी किंवा मांड्यांच्या आतल्या बाजूला बधिर वाटलं, लघवी-संडासवरचा ताबा सुटला किंवा पाऊल लुळं पडायला लागलं, तर वाद घालत बसायचं नाही. त्याच दिवशी हॉस्पिटल गाठायचं.

लालबागचा_जुना:
भांडुपकर, तुम्ही सगळं तुमच्या कमरेपुरतं बोलताय. रस्त्यावर तुम्ही एकटे नाही.

मोटारसायकलचा मागचा ब्रेक उजव्या पायाखाली असतो. सायटिकाची कळ उजव्या पायात उतरली की तळवा जड होतो, ब्रेक किती दाबला ते नीट कळत नाही. पावसात, तेल सांडलेल्या उतारावर, समोरून पोर धावत आलं तर काय कराल? सिग्नलला पाय टेकवायची वेळ येते आणि पाय अर्धा क्षण उशिरा टेकतो, तेवढ्यात गाडी बाजूच्यावर कलंडते. मी याच कारणासाठी गाडी सोडली. दुखणं सहन होत होतं, पण पायाचा भरवसा उरला नव्हता.

आणखी एक. या शहराने चांगले रस्ते बांधले ते दुचाकीला बंद. सी लिंक, ईस्टर्न फ्रीवे, कोस्टल रोड, अटल सेतू, कुठेच आपल्याला प्रवेश नाही. जे. जे.चा पूलही नाही. बंदीला सुरक्षेची कारणं दिली जातात, असतीलही. पण कंबर दुखणाऱ्या माणसाच्या वाट्याला उरतात ते खालचे, खणलेले, रोज नवा चर पडलेले रस्ते. अशा शहरात 'सांभाळून चालवतो' याला अर्थ किती, हा माझा प्रश्न आहे.

भांडुपकर:
लालबागचा_जुना, पायाचा मुद्दा शंभर टक्के मान्य. पाय बधिर असेल त्या दिवशी चावीला हात लावायचा नाही, हा नियम मीही पाळतो आणि प्रत्येकाने पाळावा. पण तो नियम बधिर पायाचा आहे, दुखऱ्या कमरेचा नाही. कंबर दुखणाऱ्या प्रत्येकाच्या पायात कळ जात नाही.

रस्त्यांबद्दल तर तुम्ही माझीच बाजू मांडलीत. ऑक्टोबर २०२५मध्ये मुंबई उच्च न्यायालयाने खड्ड्यामुळे मृत्यू झाल्यास कुटुंबाला ६ लाख रुपये आणि जखमींना ५० हजार ते अडीच लाख रुपये भरपाई ठरवली. चांगलंच झालं. पण रोजच्या दणक्यांनी ज्याची कंबर कायमची गेली तो या हिशेबात कुठे बसवणार? त्याच्याकडे दाखवायला ना पंचनामा, ना टाके. त्याला आपण काय सांगतो, तर गाडी सोड. रस्ता ज्याने बिघडवला त्याला कुणी काही सोडायला सांगत नाही.

डबलसीटताई, मेट्रोचं खरं आहे. दुखणं वाढलेलं असताना मी तसाच जातो. पण ज्याचं काम दिवसभर तीन-चार ठिकाणी आहे त्याला मेट्रो कशी पुरेल?

सातारकर_मुंबईत:
एवढी चर्चा कशाला? बुलेट घ्या. जड गाडी, दणका कळतसुद्धा नाही. नाहीतर पाय पुढे सोडून बसायची क्रूझर घ्या, सोफ्यासारखी.

फिजिओताई:
सातारकर, क्रूझरवर पाय पुढे असले की सगळं वजन माकडहाडावर येतं आणि खड्ड्यावर पायांच्या जोरावर उठताच येत नाही. सीट मऊ असली तरी हादरा तिथेच जातो. आणि साडेतीनशे सीसीची बुलेट जवळजवळ १९५ किलोची असते. पार्किंगमधून ती मागे ओढताना किंवा मेन स्टँडवर चढवताना काय होतं ते माझ्या पेशंटना विचारा. कमरेसाठी सरळ बसवणारी, हलकी, मोठ्या चाकांची साधी गाडी बरी.

पार्सलवाला:
दादा, ताई, तुमचा वाद पगारवाल्यांचा आहे. मी कुर्ला ते पवई डिलिव्हरी करतो. कंबर माझीपण दुखते. मेट्रोने पार्सल पोचत नाही आणि ऑर्डर नाही तर पैसे नाहीत.

दर अर्ध्या तासाने उतरून कंबर सरळ करा असं क्लिनिकवाल्यांनी सांगितलं. ॲप तेवढा वेळ देत नाही. त्यात बॅग पाठीवर. पाण्याच्या बाटल्यांची ऑर्डर असली की पट्टे खांद्यात रुततात आणि कंबर मागे ओढली जाते. स्वतःच्या पैशाने मागे कॅरियर लावून घेतला, बॅग त्याच्यावर ठेवतो, तेव्हापासून फरक आहे. हा कॅरियर कंपनीने द्यायला पाहिजे. गाडी सोडा की नका सोडू हे बोलण्यापेक्षा यावर कुणीतरी बोला.

आणि स्कूटरचं विचारायचं होतं. भावाची स्कूटर मिळतेय. पायाने ब्रेक दाबायला नको म्हणून घेऊ का?

लालबागचा_जुना:
पार्सलवाला, ब्रेक दोन्ही हातात येतात हे खरं, पण स्कूटरची चाकं लहान. मोटारसायकलचं १८ इंची चाक जो खड्डा ओलांडून जातं त्यात स्कूटरचं १० इंची मागचं चाक पूर्ण उतरतं. तुझ्या पायात कळ नसेल तर आहे तीच गाडी ठेव. कॅरियरचं म्हणणं एकदम बरोबर आहे. गाडी चालवूच नये असं तुझ्यासारख्याला मी सांगू शकत नाही. जो सोडू शकतो त्याने सोडावी, एवढं मात्र अजूनही म्हणेन.

डबलसीट:
मीही तेच म्हणते. भांडुपकर, 'आज दुखतंय, आज नको' हे ठरवणार कोण? दुखणारा माणूस कधीच खरं सांगत नाही. आमच्याकडे आता असं ठरलंय की सकाळी मोजे घालताना मी समोर असते. पाय वर घेऊन मोजा घालता आला नाही तर चावी माझ्याकडे. त्यांना आवडत नाही, चिडतातही, पण देतात. तुमच्या सगळ्या युक्त्या मला चालतील, फक्त निर्णय एकट्या चालवणाऱ्याच्या हातात नको.

भांडुपकर:
ताई, मोज्याची कसोटी चांगली आहे, माझ्या घरीही सांगतो. तरी निर्णय चालवणाऱ्याचाच असावा या मतावर मी ठाम आहे. शरीर त्याचं आहे.

पार्सलवाला, शॉकअप तपासलेस का? मागच्या दोन्ही स्प्रिंगखाली खाचांची रिंग असते. गॅरेजवाले डबलसीटच्या हिशेबाने ती कडक करून ठेवतात. तू एकटा आणि हलकं सामान असेल तर सगळ्यात मऊ खाचेवर आण, दोन्ही बाजूंना सारखी. हुकासारखा पाना लागतो, गॅरेजमध्ये दोन मिनिटांचं काम आहे. बाटल्यांची मोठी ऑर्डर रोजची असेल तर एक खाच वर ठेव, नाहीतर खड्ड्यात शॉकअप तळाला आपटेल आणि तो दणका जास्त वाईट असतो.