मदत हवी आहे: फ्लायबॅक ट्रान्सफॉर्मरची एअर गॅप

नमस्कार मंडळी, मी सांगलीचा, कुपवाडला छोटं वर्कशॉप आहे. तासगाव भागातल्या द्राक्षबागांत ठिबकचे व्हॉल्व्ह चालवायला २४ व्होल्ट, २ अँपिअरचा सप्लाय बनवतोय. फ्लायबॅक (ट्रान्सफॉर्मरमध्ये ऊर्जा साठवून मग पुढे सोडणारा स्विचिंग सप्लाय), ६५ किलोहर्ट्झ, ईटीडी २९ फेराइट कोर (दोन अर्धे, प्रत्येकाला तीन पाय).

कोरचं क्षेत्रफळ ७६ चौ. मिमी आणि फ्लक्स डेन्सिटी ०.२५ टेस्ला धरून प्रायमरीला (इनपुटकडच्या वाइंडिंगला) ५४ टर्न आले. इंडक्टन्स ६०० मायक्रोहेन्री हवा, म्हणून गॅप (कोरमधली फट) साधारण ०.४६ मिमी. तेवढ्याच जाडीचा कागद दोन्ही अर्ध्यांच्या मध्ये तिन्ही पायांत ठेवला. मीटरवर इंडक्टन्स जेमतेम ३३० भरला! अर्ध्या तासात मॉसफेट (करंट चालू-बंद करणारा स्विच) हात लावू देत नाही, वाइंडिंगही तापतं.

मला वाटतं, चुंबकीय फ्लक्स मधल्या पायातून जाऊन बाजूच्या पायांतून परततो, म्हणजे वाटेत गॅप दोनदा लागते. त्यामुळे इंडक्टन्स निम्मा होऊन पीक करंट वाढला असावा. बरोबर आहे का?

असेल तर ०.२३ मिमी कागद लावू, की फक्त मधला पाय घासून घेऊ? घासल्यावर गॅपजवळच्या तारेला फ्रिंजिंगने (फटीतून बाहेर फुगणाऱ्या फ्लक्सने) जास्त उष्णता येते का? सांगली-मिरजेत नीट घासून देणारं कुणी माहीत असेल तर जरूर कळवा. छाटणीआधी बागेत बसवून द्यायचा शब्द दिलाय.