'आढळले नाही' म्हणजे 'नाही' का?

प्रश्न: विद्युतरासायनिक सेन्सरने पाण्यातलं सिप्रोफ्लॉक्सॅसिन हे प्रतिजैविक ओळखण्यासंबंधीच्या मजकुरात 'लिमिट ऑफ डिटेक्शन'ला (पद्धतीला खात्रीने ओळखता येणारं सर्वात कमी प्रमाण) 'शोधमर्यादा' चालेल का? आणि 'रेसिड्यू'ला अवशेष म्हणावं की अंश?

उत्तर: 'शोध' नको. मराठीत शोध लागतो किंवा घेतला जातो. इथे दोन्ही होत नाही. अहवालात 'आढळले नाही' असंच लिहितात, म्हणून 'आढळमर्यादा' बरा. ती काढायची अशी: औषध नसलेलं कोरं द्रावण किमान दहा वेळा मोजायचं, वाचनांच्या प्रमाण विचलनाची तिप्पट करून तिला अंशांकन रेषेच्या (माहीत असलेल्या प्रमाणांपुढे सेन्सरची वाचनं मांडून काढलेली रेषा) चढाने भागायचं. तिपटीच्या जागी दहापट घेतली की 'मापनमर्यादा' मिळते. आकडा छापायचा तर या मापनमर्यादेच्या वरचाच.

शंका: शब्दावर एवढा काथ्याकूट कशाला? मर्यादेखालचं म्हणजे नगण्यच ना?

उत्तर: नाही, घोळ नेमका इथेच होतो. आढळमर्यादा लिटरला ५० नॅनोमोल धरा. रेणुभार ३३१, म्हणजे सुमारे १६.६ मायक्रोग्रॅम. जिवाणूंमधल्या प्रतिरोधाला खतपाणी मिळू नये म्हणून २०१६ मध्ये सुचवलेली पातळी आहे ०.०६४ मायक्रोग्रॅम. तिच्या अडीचशे पट औषध असलं तरी अहवाल 'आढळले नाही' म्हणेल! म्हणून त्या शब्दांपुढे '१६.६ मायक्रोग्रॅमपर्यंत' हे हवंच.

आणखी एक: मर्यादा नुसत्या सेन्सरची नसते, सगळ्या पद्धतीची असते. सिप्रोफ्लॉक्सॅसिनचं ऑक्सिडीभवन सेन्सरच्या ग्लासी कार्बन इलेक्ट्रोडवर सुमारे एक व्होल्टला होतं (सिल्व्हर-सिल्व्हर क्लोराइड या संदर्भ इलेक्ट्रोडच्या तुलनेत) आणि तयार झालेला पदार्थ पृष्ठभागाला चिकटतो. दुसऱ्याच फेरीत औषध दाखवणारं विद्युतप्रवाहाचं शिखर खुजं होतं. प्रत्येक मोजणीआधी ०.३ आणि मग ०.०५ मायक्रॉनच्या अ‍ॅल्युमिनाने घासून, धुऊन घ्यावं. नदीच्या पाण्यातली ह्युमिक द्रव्यंही (कुजलेल्या पालापाचोळ्यातून येणारी) तिथेच बसतात, त्यामुळे शुद्ध बफरमध्ये (आम्लता स्थिर ठेवणाऱ्या द्रावणात) काढलेली मर्यादा नदीला लावता येत नाही. ०.४५ मायक्रॉनने गाळलेल्या ९ मिली नमुन्यात १ मोलर फॉस्फेट बफर १ मिली घालावं, मग त्यातच औषधाचं प्रमाणित द्रावण तीन-चार वेळा थोडंथोडं वाढवत चढ काढावा. लिहिताना 'नदीच्या पाण्यातली आढळमर्यादा' असं पूर्ण लिहावं.

उत्तर: 'रेसिड्यू'बद्दल. द्राक्षबागायतदार 'रेसिड्यू'च म्हणतात, शेतीविषयक लिखाणात 'उर्वरित अंश' रुळलाय. 'अवशेष' म्हटलं की पडका किल्ला डोळ्यांपुढे येतो. गिळलेल्या सिप्रोफ्लॉक्सॅसिनचा बराच भाग लघवीतून जसाच्या तसा बाहेर पडतो. त्याला 'उर्वरित अंश' नेमका बसतो. पण हैदराबादजवळच्या पटनचेरूला औषध कारखान्यांचं सांडपाणी घेणाऱ्या प्रक्रिया केंद्रातून सुटणाऱ्या पाण्यात लिटरमागे ३१ मिलिग्रॅमपर्यंत सिप्रोफ्लॉक्सॅसिन मिळाल्याचं २००७ मध्ये प्रसिद्ध झालं. तो नमुना तर पातळ करूनच मोजावा लागेल. इतक्या औषधाला 'अंश' म्हणणं म्हणजे प्रदूषण झाकणं. तिथे सरळ 'सांडपाण्यात सोडलेलं औषध' लिहा.