घरकुलाचे नवे निकष : होडीची अट गेली, पण सामाईक सातबाऱ्याचे काय?

प्रश्न : खाडीकाठ (दापोली)

नमस्कार. हर्णै परिसरातील एका मच्छीमार कुटुंबाविषयी मार्गदर्शन हवे आहे. त्यांच्या घराच्या भिंती कुडाच्या आहेत आणि दर मिरगाआधी छपरावर प्लास्टिकचा कागद अंथरावा लागतो. छोटे इंजिन बसवलेली होडी आणि मुलाची जुनी मोटारसायकल, या दोन कारणांनी त्यांचे नाव घरकुलासाठीच्या २०१८ च्या आवास प्लस यादीतून वगळले गेले होते. नव्या सर्वेक्षणात ते पुन्हा आले. मात्र पडताळणीच्या वेळी, सातबाऱ्यावर साडेसहा एकर वरकस (हलक्या प्रतीची डोंगरउताराची जमीन) दिसत असल्याने कुटुंब अपात्र ठरेल, असे तोंडी सांगण्यात आले. त्या सातबाऱ्यावर चुलत घराण्यांची मिळून अठरा नावे आहेत आणि जमीन म्हणजे नुसता कातळाचा सडा, म्हणजे खडकाळ पठार. यावर काय करता येईल?

उत्तर : सडेकर

होडीपुरते निश्चिंत राहा. प्रधानमंत्री आवास योजना (ग्रामीण) २०२४-२५ ते २०२८-२९ या काळासाठी वाढवताना केंद्राने अपात्रतेचे निकष १३ वरून १० केले. दुचाकी, मासेमारीची यांत्रिक होडी, फ्रीज आणि लँडलाइन फोन ही कारणे त्यांतून गळली, तर कुटुंबातील कोणाही सदस्याच्या मासिक उत्पन्नाची मर्यादा १०,००० वरून १५,००० रुपये झाली. होडी हे कोळ्याचे पोटापाण्याचे साधन आहे, ती श्रीमंतीची खूण कधीच नव्हती. ही दुरुस्ती फार आधी व्हायला हवी होती.

उत्तर : आणेवारी

सडेकरांचे म्हणणे बरोबर आहे, परंतु त्याच बदलातील जमिनीचे कलम कोकणाने नीट वाचले पाहिजे. पूर्वी जमिनीचे तिन्ही निकष सिंचनाशी बांधलेले होते, त्यामुळे विहीर-पंप नसलेला सडा कितीही मोठा असला तरी तो कोणाच्या आड येत नव्हता. आता अडीच एकर बागायतीबरोबरच पाच एकर किंवा त्याहून अधिक कोरडवाहू जमीन हेही अपात्रतेचे कारण झाले आहे. विदर्भ-मराठवाड्यात पाच एकर कोरडवाहूत निदान सोयाबीन किंवा तूर उभी राहते. आमच्या कातळावर पावसाळ्यात गवत उगवते आणि दिवाळीनंतर तेही राहत नाही. सवलत मिळाली असे आपण समजतो, पण ज्यांच्या हाती होडी आणि कागदावर सडा आहे अशा घरांसाठी एक दार उघडताना दुसरे लोटले गेले आहे.

तरीही तुमच्या कुटुंबाची बाजू भक्कम आहे, असे मला वाटते. निकष कुटुंबाच्या मालकीच्या जमिनीचा आहे, गटाच्या एकूण क्षेत्राचा नाही. अठरा जणांचे साडेसहा एकर एका घराच्या नावावर मोजणे कोणत्याही न्यायाने पटणारे नाही. म्हणून सातबारा आणि आठ-अ यांबरोबर वारस नोंदींचे फेरफार काढा, त्यांवरून कुटुंबाचा हिस्सा मांडा आणि ग्राम महसूल अधिकाऱ्यांकडून (तलाठ्यांकडून) तसा लेखी दाखला मागा. जमीन महसूल संहितेच्या कलम ८५ खाली वाटपाचा मार्गही आहे. पण सहहिस्सेदारांपैकी निम्मे मुंबईला असले की संमती गोळा करण्यातच वर्ष निघून जाते. त्यामुळे केवळ त्यावर विसंबू नका.

उत्तर : वाडीवरचा

तोंडी नकार मुळीच मान्य करू नका. यादी ग्रामसभेपुढे येईल, तेव्हा हिश्शाचा मुद्दा इतिवृत्तात नोंदवून घ्या. तेथे नाव वगळले गेले, तर अपिलीय समितीकडे जाताना तीच नोंद उपयोगी पडते.

रकमेचा अंदाजही आताच घ्या. सह्याद्रीच्या उतारावर राहत असलो तरी आपल्याला डोंगराळ भागाचे १ लाख ३० हजार नव्हे, सपाट प्रदेशाचे १ लाख २० हजार मिळतात. त्यावर राज्याने २०२५ मध्ये वाढीव अनुदान जाहीर केले आहे. घरकुलासाठी पाच ब्रास वाळू विनामूल्य आहे, पण चिरा (बांधकामाचा जांभा दगड) आणि वाहतूक यांचा खर्च आपल्यालाच उचलावा लागतो. गावात कातकरी कुटुंबे असतील तर त्यांना या रांगेत उभे करू नका. त्यांच्यासाठी पीएम-जनमन या आदिम जमातींच्या केंद्रीय योजनेत घरामागे २ लाख रुपयांची स्वतंत्र तरतूद आहे.