कुलूप दिसलं की साईट खरी? बाबूराव, काहीही!

तिरसट: काल बाबूरावांनी लिहिलं, "साईटला कुलपाची खूण असली आणि सर्चमध्ये पहिली आली की डोळे झाकून पैसे भरा." तेव्हापासून डोकं फिरलंय. अहो, मधे कुणी तुमची माहिती वाचत नाही, एवढंच ते कुलूप सांगतं, पलीकडे चोर बसलाय का साव ते नाही. त्या कुलपासाठी लागणारं सर्टिफिकेट लेट्स एन्क्रिप्ट नावाची संस्था फुकट देते, चोरालासुद्धा. क्रोमने तर २०२३ मध्ये ती खूणच काढली. आणि पहिली म्हणजे बऱ्याचदा जाहिरात, वर बारीक अक्षरात लिहिलेलं असतं. आमच्या वडिलांनी सातबारा शोधला, पहिल्याच लिंकवर तिरंगा, अशोकस्तंभ, सगळा थाट. ४९९ भरले आणि हातात काय, तर फुकट दिसतो तो बिनसहीचा उतारा! डिजिटल सहीचा १५ रुपयांत मिळतो.

बाबूराव: 'डोळे झाकून' मी केव्हाच काढलंय, परत वाचा. वडिलांनी साईटच्या पत्त्यात सरकारी डॉट जीओव्ही डॉट इन बघितलं नाही त्यात माझा काय दोष?

तिरसट: मग हे काल लिहायला काय झालं होतं?

माहेरवाशीण: सातबारा कशाला काढला पण? वाटण्या का? विचारते कारण माझ्या भावाने मला एका वकिलाच्या साईटची लिंक पाठवली, मुलींच्या हक्काचा कायदा २००५ चा, वडील त्याआधी गेले म्हणून वडिलोपार्जित जमिनीत तुझा हक्क नाही. साईट चांगली, वकील खरा, कुलूपबिलूप सगळं. मी दोन वर्षं गप्प बसले. मग खाली तारीख दिसली, २०१६! सुप्रीम कोर्टाने ११ ऑगस्ट २०२० ला निकाल दिला की वडील हयात असोत नसोत, वडिलोपार्जित मालमत्तेत मुलीचा हक्क जन्मापासून. लेख तेव्हा बरोबरच होता हो, पण कुणी पुसला नाही.

गावकरी_७१: बहिणी हक्कसोड देतात ही रीत आहे. इंटरनेट वाचून घरं फुटायला लागली.

माहेरवाशीण: रीत का? साडीचोळीवर चार एकर सोडायची? तुमच्या बहिणीला विचारलंत कधी?

गावकरी_७१: माझ्या घरात शिरू नका. आणि अर्धवट सांगू नका, २० डिसेंबर २००४ च्या आधी रजिस्टर वाटणी झाली असेल तर ती उघडत नाही.

माहेरवाशीण: हे मात्र बरोबर बोललात. कुठे वाचलंत, इंटरनेटवरच ना?

बाबूराव: धागा वेबसाईटचा होता...

तिरसट: वेबसाईटचाच चाललाय. ताई म्हणतात ते माझ्याही डोक्यात नव्हतं, खरी साईटसुद्धा शिळी असते. आता जाऊन आमच्या उताऱ्यावरची तारीख बघतो, ४९९ चा आहे शेवटी.

गावकरी_७१: बहिणीला फोन केला. उचलत नाहीये.