नवऱ्याचे खापरपणजोबा हडर्सफील्डला पब चालवायचे, माग कसा काढू?

चाफा_लीड्स

नमस्कार मंडळी, मी लीड्सला असते, नवरा इकडचाच, यॉर्कशायरचा. गेल्या वर्षी त्र्यंबकेश्वरला गेलो होतो तेव्हा आमच्या उपाध्यांनी वही काढून माझ्या पणजोबांची सही दाखवली, सोबत सात पिढ्यांची नावं. नवरा बघतच राहिला, म्हणाला आमच्याकडे असं कुणी लिहूनच ठेवलेलं नाही. म्हणून आता लेकीसाठी त्याच्याही बाजूची वंशावळ काढायला घेतलीये.

त्यांच्या घरात पिढ्यानपिढ्या एकच गोष्ट सांगतात, की हडर्सफील्डला आपला स्वतःचा पब होता, खापरपणजोबा तिथले लँडलॉर्ड होते आणि मग पब हातचा गेला. पबचं नाव कुणालाच आठवत नाही. सासऱ्यांना एवढंच माहितीये की त्यांच्या आजीचा जन्म 1877 चा, पबच्या माडीवरचा. आजीच्या 1899 च्या लग्नाच्या दाखल्यावर वडिलांचा धंदा 'इनकीपर' आणि पुढे 'मयत' असं लिहिलंय. पण 1881 च्या सेन्ससमध्ये हेच गृहस्थ चक्क कापडाच्या गिरणीत फिनिशर (विणलेल्या कापडावर शेवटचा हात फिरवणारा) म्हणून आहेत, आणि त्या काळच्या डिरेक्टरीत, म्हणजे गावातल्या धंदेवाल्यांच्या छापील नावपुस्तकात, हॉटेल्स-इन्स-टॅव्हर्न्सची यादी मी दोनदा बोट ठेवून वाचली, नाव नाही. मग पब होता की नव्हता? कुठे शोधू?

जुने_कागद

ताई, पब असणार, तुम्ही यादी चुकीची बघताय. 1830 च्या बिअर अॅक्टनंतर घरपट्टी भरणाऱ्या कुठल्याही माणसाला 2 गिनी (दोन पौंडांच्या किंचित वर) भरून बिअर विकायचं लायसन्स मिळायचं, मॅजिस्ट्रेटकडे जायची गरजच नव्हती, एक्साइजवाले, म्हणजे अबकारी खातं, द्यायचे. लोकांनी जिन सोडून बिअरकडे वळावं असा सरकारचा हिशोब होता. मग राहत्या घराच्या पुढच्या खोलीत दोन बाकं टाकून हजारोंनी बिअरहाउसं निघाली. तिथे फक्त बिअर, फार तर सायडर, व्हिस्की-जिन नाही. डिरेक्टरीत ही मंडळी इन्सच्या यादीत नसतातच, त्यांची 'बिअर रिटेलर्स' म्हणून वेगळी यादी असते आणि त्यात नुसतं माणसाचं नाव आणि रस्ता, पाटीवरचं नाव बहुतेकदा नाहीच. ती यादी बघा.

गिरणीचं म्हणाल तर ते अगदी नेहमीचं आहे. छोट्या बिअरहाउसवर घर चालत नसे, नवरा दिवसा गिरणीत किंवा लोहारकामाला आणि गल्ल्यावर बायको. सेन्ससवाल्याला जो धंदा सांगितला तो त्याने लिहिला. आणि लग्नात मुलीने वडिलांना 'बिअर विकणारा' न म्हणता 'इनकीपर' म्हटलं असेल तर तेही समजण्यासारखं आहे.

आता काय करा, आजीचा 1877 चा जन्मदाखला मागवा. त्यात जन्म कुठे झाला तो पत्ता असतो आणि वडिलांचा धंदाही. भावंडांचेही मागवा, म्हणजे कुठल्या वर्षी कुठे होते ते कळेल. पत्ता मिळाला की स्कॉटलंडच्या नॅशनल लायब्ररीच्या साइटवर ऑर्डनन्स सर्व्हेचे (सरकारी नकाशा खात्याचे) जुने नकाशे फुकट आहेत, इंग्लंडचेही. त्यावर पबला पी.एच. आणि बिअरहाउसला बी.एच. अशी खूण असते.

1869 च्या कायद्याने बिअरहाउसंसुद्धा परत मॅजिस्ट्रेटच्या हाताखाली आली आणि 1872 पासून लायसन्सची रजिस्टरं ठेवणं सक्तीचं झालं, म्हणजे तुमचा काळ नशिबाने बरोबर त्यात येतो. वेस्ट यॉर्कशायरची लायसन्सची कागदपत्रं वेकफील्डच्या अर्काइव्हकडे आहेत, 1771 पासूनची, आणि बरीचशी अँसेस्ट्री या वंशावळीच्या वेबसाइटवर स्कॅन झालीत. वर्गणी भरू नका लगेच, बऱ्याच लायब्रऱ्यांत अँसेस्ट्री फुकट बघायला मिळतं.

मेथीची_भाजी

वरचं सगळं बरोबर आहे, माझी भर एवढीच की 'मयत' लिहिलंय ना, मग त्यांच्या बायकोला शोधा! नवरा गेला की लायसन्स विधवेच्या नावावर व्हायचं, आणि तिने पुन्हा लग्न केलं की बहुतेकदा नव्या नवऱ्याच्या नावावर, म्हणून आपल्याला वाटतं पब परक्याकडे गेला आणि आपण शोधणं थांबवतो. बाई मात्र त्याच गल्ल्यामागे तिच्या मुलांसकट उभी असते. मी माझ्या जावेच्या माहेरचं असंच शोधलं, तीन आडनावं आणि बाई एकच.

आणि पेपर वाचा पेपर. 'हडर्सफील्ड क्रॉनिकल' 1850 पासूनचा डिजिटल झालाय. लायसन्स कुणाकडून कुणाकडे गेलं ते कोर्टाच्या बातम्यांत यायचं. शिवाय अपघाती मृत्यू झाला की कॉरोनरची (अशा मृत्यूंचा तपास करणाऱ्या अधिकाऱ्याची) चौकशी पबमध्येच बसायची, मोठी खोली दुसरी कुठे नसायची ना, आणि बातमीत पब आणि लँडलॉर्ड दोघांची नावं असायची. वाचताना जीव कळवळतो, गिरणीत गेलेली दहा-बारा वर्षांची पोरं असतात कधीकधी, पण माहिती मिळते.

घाटमाथा

एका शब्दाबद्दल लिहितो, कारण त्याच शब्दाने मी दोन वर्षं फसलो होतो. आपण लँडलॉर्ड म्हणजे घरमालक म्हणतो, पबचा लँडलॉर्ड मात्र मालक असेलच असं नाही, ज्याच्या नावावर लायसन्स तो लँडलॉर्ड. इमारत बऱ्याचदा ब्रुअरीची असायची, माणूस तिचा भाडेकरू आणि तिचीच बिअर विकायला बांधलेला, त्याला टाइड हाउस म्हणतात. हडर्सफील्डला तर लॉकवूडच्या बेंटली अँड शॉ या ब्रुअरीचं मोठं प्रस्थ होतं. आणि ताई, तुमच्या गावाची गंमत अशी की गावाची बरीचशी जमीनच रॅम्सडेन घराण्याची होती, 1920 मध्ये नगरपालिकेने ती विकत घेतली, म्हणून 'स्वतःला विकत घेणारं गाव' म्हणतात त्याला. रॅम्सडेन इस्टेटची दफ्तरंही वेस्ट यॉर्कशायरच्या अर्काइव्हकडे आहेत, त्यात भाडेपट्ट्यांच्या नोंदी सापडतील. लायसन्सच्या रजिस्टरमध्ये मालकाचा रकाना असेल तर तो आधी वाचा. 'पब हातचा गेला' याचा उलगडा तिथे होईल असं वाटतं.

जुने_कागद

घाटमाथा, अगदी बरोबर. ताई, त्यांच्याही मागे जायचं झालं तर 1828 पर्यंत लँडलॉर्डला दरवर्षी मॅजिस्ट्रेटपुढे जामीनकतबा लिहून द्यावा लागे, जुगार चालू देणार नाही, दंगा होऊ देणार नाही वगैरे. त्यावर जामीनदारांची नावं असतात, आणि जामीन कोण राहणार, मेहुणा, सासरा नाहीतर शेजारचा पबवाला. नात्यांचे धागे तिथेच सापडतात. पबचं नाव मात्र पुष्कळ कतब्यांवर नसतं.

चाफा_लीड्स

सात आठवड्यांनी लिहितेय, सगळ्यांचे मनापासून आभार. जन्मदाखला आला, वडिलांचा धंदा 'बिअर रिटेलर', रस्त्याचं नावही मिळालं, आणि मग डिरेक्टरीच्या त्या दुसऱ्या यादीत ते होतेच, त्याच रस्त्यावर! मेथीताई, तुमचं तर शब्दशः खरं निघालं. 1884 ला ते गेले, लायसन्स बायकोच्या नावावर झालं, आणि 1893 ला तिने दुसरं लग्न केल्यावर नव्या नवऱ्याच्या नावावर. मधली नऊ वर्षं चार मुलं पदरात घेऊन एकटीने चालवलंय. मालकाच्या रकान्यात पहिल्यापासून ब्रुअरीचं नाव आहे, म्हणजे पब कधी आपला नव्हताच आणि हातचा गेलाही नाही, नुसतं आडनाव बदललं.

सासऱ्यांना कसं सांगावं याची मला धास्ती होती, आयुष्यभर ते 'आपला पब' म्हणत आलेत. रविवारी प्रिंट घेऊन गेले. त्यांनी चष्मा लावून तिच्या नावाची ओळ वाचली, नऊ वर्षं मोजली, आणि म्हणाले की आजी सगळ्या पोरांना सकाळी आधी फरशी पुसायला लावायची, कारण तिच्या आईचा तसा दंडक होता, पण का ते तिने कधी सांगितलं नव्हतं. ती प्रिंट त्यांनी ठेवून घेतलीये. लेकीच्या वंशावळीत बाईचं नाव आम्ही तिन्ही आडनावांनी लिहिलंय, माहेरचं धरून.