वीडरचं इंजिन टकटकतंय? खोलायच्या आधी एवढं बघा

भाऊ, वीडरने (तण काढायच्या यंत्राने) कापसात कोळपताना लोड आला की टकटक वाढते आणि मेकॅनिक लगेच इंजिन खोला म्हणतो, असं तुम्ही लिहिलंय. वरच्या कमेंटमध्ये एकांनी टॅपेट (व्हॉल्व्ह उघडणारा भाग) वाजत असेल असं सुचवलं. पण टॅपेटची टिकटिक बारीक असते, लोडवर फारशी बदलत नाही. जाड ठोका असेल तर दुखणं खाली, म्हणजे इंजिनच्या बुडाकडे आहे.

आधी इंजिनच्या बुडाचे बोल्ट आणि फ्लायव्हीलचा (इंजिनसोबत फिरणाऱ्या जड चाकाचा) नट घट्ट आहेत का बघा. ढिलं फ्लायव्हील अगदी कनेक्टिंग रॉड (पिस्टनला क्रँकशी जोडणारा दांडा) गेल्यासारखं वाजतं आणि बिचारं इंजिन उगाच खोललं जातं. मग स्पार्क प्लग काढून पिस्टन मधोमध आणा, भोकातून एक लांब काडी पिस्टनवर टेकवा (आत पाडू नका!) आणि फ्लायव्हील हाताने हळूच मागे-पुढे करा. फ्लायव्हील हललं पण काडी जागची हलली नाही, तर रॉडमध्ये खेळ आलाय.

या छोट्या इंजिनांत बहुधा ऑईल पंप नसतो, रॉडच्या बुडाची पट्टीच ऑईल उडवते. त्यामुळे ऑईलची लेव्हल कमी असताना बांधाच्या उतारावर तिरकं चालवलं की रॉड कोरडा पडतो. थोडं ऑईल पांढऱ्या फडक्यावर घ्या. चांदीसारखी चमकी दिसली तर इंजिन चालू करायला परत दोरी ओढूच नका, रॉड तुटून ब्लॉक (इंजिनचं बाहेरचं कवच) फोडू शकतो.

ऑईल शेवटचं कधी बदललं होतं?